माझ्या शब्दावर झालेला ठराव

दिवाळी झाली की रस्त्याकडच्या खोलीतली खताची पोती मी परसात हलवायचो, कोळ्याची जाळी काढायचो, फरशीवर दोन बादल्या पाणी मारायचो. मग चार-आठ दिवसांत उमरग्याकडून काळी-पिवळी जीप यायची. टपावर हे मोठाले गठ्ठे, आणि आत खिडकीला टेकून बसलेली स्वेटरवाली. उतरली की ती मला विचारायची, "ऊटा आय्तेन्री, अज्जा?" म्हणजे जेवण झालं का. सकाळी नऊला आली तरी हेच. संक्रांत झाली की उरलेला माल बांधून ती परत जायची. कितीतरी वर्षं असं चाललं.

आमचं गाव लोहाऱ्याच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला. आम्ही लिंगायत. घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालतं; हिशेब मराठीत, भांडण कानडीत. स्वेटरवाली कानडी बोलायची, ते आमच्यापेक्षा चांगलं. ती तिबेटी. तिचा बाप बर्फाचे डोंगर चालून इकडं आला, सरकारनं त्या लोकांना कानडी मुलखात जंगलाच्या कडेला वसवलं, आणि ही तिथंच जन्मली. मका पेरला तर हत्ती खाऊन जायचे. मग लुधियानाचा माल आणून हिवाळाभर गावोगाव विकायचा, हा धंदा त्यांनी धरला. आमच्या गावचा बाजार आणि आजूबाजूची खेडी तिच्या वाट्याला.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी माझ्या डोक्यात ती कानडीच होती. माझ्या बायकोला अक्का म्हणायची, म्हणजे थोरली बहीण, आणि मला अज्जा, म्हणजे आजोबा. बायको त्यावर लई खूश. आमच्या घरात मांस-मच्छी चालत नाही, ते तिनं कुणी न सांगता पाळलं. शेंगाचटणी-भाकरी आमच्यासारखी खायची. एकदा तिनं आम्हाला तिच्या पद्धतीचा चहा पाजला, त्यात लोणी आणि मीठ. मी अंगणात जाऊन थुंकलो. ती पोट धरून हसली. धंद्यात मात्र एकच भाव, एक पैसा इकडं-तिकडं नाही. गावातल्या बाया घासाघीस करून दमायच्या. तिचा हट्टीपणा मला आवडायचा, कारण मीही तसलाच. एकदा बोललेला शब्द मी फिरवत नाही, हे पंचक्रोशीत माहीत आहे, आणि ते माहीत आहे याचा मला लई अभिमान होता.

सकाळी दूध घालायला आम्ही डेरीवर जमतो. कॅन लायनीत ठेवायचे, यंत्रावर दुधाची फॅट लागेपर्यंत कट्ट्यावर बसायचं आणि तोवर जगाचा कारभार हाकायचा. गेल्या साली पावसाळ्यात तिथं एकच विषय होता. परदेशातून आलेल्या माणसांचं काय करायचं, यावर दिल्लीत वाद चालले होते. कुणाला राहू द्यायचं, कुणाला व्हिसा द्यायचा, कुणाला हाकलायचं. दुसऱ्या मुलखांतही तेच. कुठं माणसांनी भरलेल्या नावा समुद्रातच अडवलेल्या, कुठं तारेच्या कुंपणापाशी लेकरं घेऊन बाया बसलेल्या. आमच्या पंचायतीचा एक तरणा मेंबर हे सगळं मोबाईलवर मोठ्यानं लावायचा.

"जीव वाचवाय आलेत, ऱ्हाऊ द्या की," कुणीतरी म्हणालं.

"तुझ्या वावरात ठेवतूस का?" मेंबर म्हणाला. "पत्रा मारून देतो म्या."

सगळे हसले. रिटायर झालेले एक गुरुजी तिथं असतात. ते म्हणाले, "असं सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. जिवाच्या भीतीनं आलेला निर्वासित येगळा, चोरून आलेला येगळा. आपल्याकडं निर्वासितांसाठी येगळा कायदाच न्हाई, ही खरी अडचण हाय. आज सरकारच्या मनात आलं तर ऱ्हावा, उद्या न्हाई आलं तर जावा."

मी चौथी शिकलेला माणूस. गुरुजी असं समजावून सांगायला लागले की माझं डोकं फिरतं. आपण वर्गात मागं बसलोय असं वाटतं.

"गुरुजी, तुमी पुस्तकातलं सांगताव," मी म्हणालो. "म्या सोता निर्वासित होतो."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. खोटं नव्हतं ते. रझाकारांच्या धामधुमीत आमच्या बापानं घर सोडलं, आम्हाला घेऊन निजामाची हद्द ओलांडली आणि सोलापूरच्या बाजूला एका खेड्यात जाऊन राहिला. मी चार-पाच वर्षांचा होतो. इकडं शांत झाल्यावर आम्ही परत आलो.

"गेलो आणि आलो," मी सांगितलं. "कुणाच्या उरावर बसून ऱ्हायलो न्हाई. तसं समद्यांनी करावं. आपलं गाव आपल्याला, त्यांचं गाव त्यांना."

"अप्पा, तुमची गोष्ट येगळी," गुरुजी म्हणाले.

"येगळी कशी? तुमी हुता का तिथं?"

 मेंबरनं माझ्या पाठीवर थाप मारली. फॅट लागली होती, कॅन उचलून मी ताठ मानेनं घरी आलो.

पुढं पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मेंबरनं ठराव आणला. ज्याच्याकडं या देशाचं ओळखपत्र नाही, त्याला गावात कुणी खोली देऊ नये आणि बाजारात बसायला जागा देऊ नये. बऱ्याच जणांना त्यात काही कळत नव्हतं. आमच्या गावात परदेशी माणूस येतो कशाला? काहींना वाटलं, उगं भांडण नको, राहू द्या. तेव्हा मेंबरनं माईक माझ्या हातात दिला. "ह्या गावात सोता निर्वासित झालेलं एकच माणूस उरलंय. अप्पांनाच इचारू."

जन्मात पहिल्यांदा मी माईक धरला. शाळेच्या पटांगणात माझाच आवाज घुमून माझ्याकडं परत येत होता. डेरीवर जे बोललो तेच बोललो, जरा वाढवून. आम्ही गेलो, इज्जतीनं राहिलो, शांत झाल्याबरोबर आलो. टाळ्या वाजल्या. हात वर झाले. ठराव झाला.

जेवढं सांगितलं तेवढं खरं होतं. पण त्या खेड्यात काय झालं होतं, ते मी सांगितलं नाही. आमचा बाप दर साली बेंदराला बैलांची पूजा झाली की ते सांगायचा, म्हणून मला तोंडपाठ आहे. तिथंही चावडीवर बैठक बसली होती. गावातले म्हणाले, ही माणसं हाकला, नाहीतर यांच्या मागावर रझाकार येतील आणि आपलं गाव जाळतील. ज्याच्या गोठ्यात आम्ही होतो तो शेतकरी उठून म्हणाला, "माझी बैलं भाईर बांधीन, ही माणसं आत ऱ्हातील. ज्याला भ्या वाटतंय त्यानं माझ्या घराकडं येऊ नये." आम्ही परत येईपर्यंत त्याची बैलं बाहेर होती. मला हे माईकसमोर आठवलं होतं. सांगितलं असतं तर माझंच भाषण उलटं झालं असतं. म्हणून गिळलं.

सभेत बायांच्या बाजूला माझी बायको बसली होती. घरी येताना ती चार पावलं मागं चालत होती. वेशीपाशी म्हणाली, "आता तंगी आली की तिला काय सांगनार हाव?" तंगी म्हणजे धाकटी बहीण. स्वेटरवालीला ती तसंच म्हणायची.

"तिचा काय संबंध? ती कानडी हाय."

"तिच्याजवळचा कागुद बघितलाय कवा?"

बघितला होता. तिला तो ठराविक मुदतीनं पोलिसांकडून वाढवून घ्यावा लागायचा, आणि दुसरीकडं जाऊन राहायचं तर कळवावं लागायचं. मी तिला दोनदा चौकीत घेऊनही गेलो होतो. त्या कागदावर ती कुठली, ते लिहिलेलं होतं. हे सगळं माहीत असून सभेत ती माझ्या मनात आलीच नाही. आली असती तर मी बोललो नसतो, असं मी स्वतःला लई वेळा सांगून बघितलंय.

दिवाळी झाली. मी खोली रिकामी केली. ठराव कागदावर राहील, गावाला कुठं आठवतंय, असा माझा समज. जीप आली, गठ्ठे उतरले, ती उतरली. अजून चहा व्हायचा होता तोवर मेंबर आणि त्याच्यासोबत पाच-सहा जण दारात. गावात कापडाचं एक नवं दुकान झालं होतं, त्याचा मालकही त्यात होता. मग मला ठरावाचं मूळ कळलं.

मेंबर तसा वाईट नाही. माझ्याशी नीटच बोलला. "अप्पा, ठराव तुमच्याच शब्दावर झालाय. पर तुमी आता म्हनलाव की मी चुकलो, तर आमी काय ताणून धरनार न्हाई. खास सभा लावू, मोडून टाकू. एक शब्द टाका."

रस्त्यावर माणसं जमली होती. डेरीवरचे होते, गुरुजी होते. गठ्ठ्यावर हात ठेवून ती उभी होती. मराठी तिला सगळं कळत होतं, आणि आमचं सोलापूरकडं जाणं-येणंही तिनं माझ्याच तोंडून ऐकलेलं होतं. माझी बायको चौकटीत उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत होती. एक शब्द. मला वाटलं, या पोराच्या तोंडावर, त्या दुकानदाराच्या तोंडावर, गुरुजींच्या देखत मी कसं म्हणू? उद्या डेरीवर कॅन घेऊन कसा जाऊ?

"ठराव म्हंजे ठराव," मी म्हणालो. "समद्यांना सारखा."

आपला आवाज आपल्यालाच परका वाटावा, तसं झालं. मेंबरही जरा चमकला. त्यानं मला वाट करून दिली होती, मी ती घेतली नाही. गुरुजी खाली बघून निघून गेले.

ती रडली नाही, भांडली नाही. कानडीत मला म्हणाली, "अज्जा, तुमचं गाव जागेवर होतं, म्हणून तुम्ही परत आलात ना?" उत्तराला ती थांबली नाही. बायकोला म्हणाली, "गठ्ठे दुपारच्या गाडीपर्यंत राहू देत." मग दोघी आत जाऊन जेवल्या. त्या दिवशी मला कुणी वाढलं नाही. निघताना ती दारात थांबली. "खोली दुसऱ्या कुणाला देऊ नका. ठराव बदलतात. आमच्यावरचे लई ठराव बदलताना बघितलेत मी." हे तिनं हसत म्हटलं, जशी एखादी बाई जागा धरायला एसटीत रुमाल टाकते. आणि गेली. लांब कुठं नाही, उमरग्याला.

त्यानंतर बायको माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. भांडली असती तर मी भांडून जिंकलो असतो. ती नुसती ताट ठेवायची. खोली रिकामी होती. पोती परसात दहिवरात भिजत होती, पण ती आत आणायची माझी हिंमत होईना. एकदा गुरुजी वाटेत भेटले.

"अप्पा, अर्ज द्या. खास सभा लावता येते. मी लिहून देतो, तुमी फक्त सही करा."

"बघू," मी म्हणालो. सही मला करता येते. लिहून त्यांनी द्यायचं, हेच मला सोसेना.

मग मी एक शक्कल लढवली. कचेरीतल्या साहेबानंच सांगितलं की या बाईला राहू द्या, तर गावाला ऐकावं लागेल, आणि मला शब्द गिळावा लागणार नाही. ती पण परत येईल, माझी इज्जत पण राहील. बायकोला न सांगता एसटीनं धाराशिवला गेलो. परदेशी माणसांची नोंद असते ती कचेरी विचारत विचारत गाठली. टेबलावर एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, त्या बाईंनी मुदत वाढवून घेतली असेल आणि कळवून आल्या असतील, तर आमची काहीच हरकत नाही," त्या म्हणाल्या. "दर हिवाळ्यात कितीतरी जण येतात. हरकत तुमच्या गावाची दिसतेय."

"मंग तुमी गावाला तसं लिहून द्या."

"आम्ही कशाला? तुमच्या सभेनं केलंय, तुमच्या सभेनंच मोडावं. कुणाच्या सांगण्यावरून झाला हा ठराव?"

"हाय एक म्हातारा," मी म्हणालो.

"मग त्यालाच समजवा की. म्हाताऱ्या माणसाचं गाव ऐकतं."

मी व्हय म्हणालो आणि उठलो. परतीच्या गाडीत तुळजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. सरकारनं तिला अडवलं नव्हतं. पोलिसांनी नाही, दिल्लीनं नाही. डेरीवर आम्ही ज्या मोठमोठ्या लोकांना शिव्या देतो, त्यांतल्या एकानंही नाही. तिला अडवणारा माणूस माझ्याच धोतरात बसला होता.

तरीही मी लगेच काही केलं नाही. हेच मला आता सगळ्यात जास्त खातं. उमरगा किती लांब? जीपनं अर्धा-पाऊण तास. आज जातो, उद्या जातो असं केलं. कधी वाटायचं, मेंबरच पुन्हा येईल, दुसऱ्यांदा विचारेल. तो कशाला येतोय? संक्रांत आली, बायकोनं तिळाचे लाडू केले. दर साली पहिला लाडू स्वेटरवालीच्या हातात पडायचा. त्या दिवशी बायको लाडवाचा डबा पिशवीत घालून एकटीच उमरग्याला जाऊन आली. काय झालं, ती काय म्हणाली, मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा होती. झेंडावंदन झालं, पोरांची भाषणं झाली, पाणीपुरवठ्यावर थोडी हमरातुमरी झाली. मी उठलो. माईक कुणी दिला नाही, मीच जाऊन धरला.

"ऑगस्टात म्या अर्धं सांगितलं," मी म्हणालो. "उरलेलं ऐका." आणि मी चावडीवरच्या बैठकीचं सांगितलं, बैलं बाहेर बांधणाऱ्या माणसाचं सांगितलं. त्याचं नाव मला माहीत नाही, आमच्या बापाला माहीत होतं. हेही सांगितलं की आम्ही परत आलो, कारण परत यायला गाव होतं. "ठराव माझ्या बोलण्यावर झाला. माझं बोलणं चुकीचं होतं. तो मोडा."

मागून एकजण म्हणाला, "अप्पा, ऑगस्टात एक, आता एक. गावानं कुठलं धरायचं?"

"आताचं धरा."

हशा झाला. मेंबर हसत उठला आणि म्हणाला, "अप्पाच म्हणत्यात तर काय, मोडला. कुणाची हरकत?" कापडवाल्यानं नुसतं इकडं-तिकडं बघितलं. हात वर झाले, ऑगस्टात झाले होते तसेच, त्याच माणसांचे. लगेच दुसरा विषय निघाला, गटारीचा. माझ्या अंगाला घाम फुटला होता आणि गाव गटारीवर भांडत होतं. एवढंच होतं ते. दारात मेंबरनं मागितला होता तो शब्द एवढाच होता.

बायकोनं पटांगणातूनच फोन लावला. पलीकडून आवाज आल्यावर कानडीत नुसतं म्हणाली, "अज्जांशी बोल," आणि फोन माझ्या हातात दिला.

"ठराव मोडला," मी म्हणालो. "सभेत. सगळ्यांपुढं. खोली रिकामीच हाय."

 ती म्हणाली, "चांगलं झालं, अज्जा. संक्रांतीपर्यंत मी वाट बघितली. अक्का लाडू घेऊन आली तेव्हा मला वाटलं, तुम्ही मागून येताय. मी जीपकडं बघत बसले होते. मग उमरग्याच्या घरमालकिणीला पुढच्या सालासाठी हो म्हणून टाकलं."

"कशी हाय ती बाई?"

"बरी आहे. तिनं कागद बघितला, परत दिला, आणि पाण्याचा नळ कुठं आहे ते दाखवलं."

"मंग तिला न्हाई म्हण. हिकडं ये."

"कसं म्हणू, अज्जा?" ती म्हणाली. "शब्द दिलाय."

मी फोन बायकोकडं दिला. ती चिंचेखाली जाऊन बसली आणि दोघी कानडीत लांबलचक बोलत राहिल्या, सुनेचं, गुडघ्यांचं, मालाच्या भावांचं. मी खुर्च्या उचलणाऱ्या पोरांच्या मधे उभा होतो. कुणी म्हणालं, "अप्पा, बसा की." मी बसलो नाही. घराकडं निघालो, तर पाय रस्त्याकडच्या खोलीपुढून जाईनात. मागल्या गल्लीनं वळसा घालून आत गेलो.